सुरुवातीला सगळं सारखंच होतं, तर मग गठ्ठे कसे झाले? (पेंचमधली एक रात्र आणि दीर्घिकांचे समूह)

चांदणवेळ | १९ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. अमावास्येच्या सुमारास आम्ही तीन शिक्षक अठरा मुलांना घेऊन पेंचला, सिल्लारीच्या बाजूला, आकाश बघायला गेलो होतो. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, भारतात पहिल्यांदाच. धरमपेठेतल्या माझ्या गच्चीवरून कन्या राशीत चित्रा सोडली तर नाव घेण्यासारखं काही दिसत नाही. तिथे मात्र गाडीतून उतरल्यावर मुलं दोन मिनिटं बोललीच नाहीत.

साडेदहाच्या सुमारास आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला वळवली. आधी काहीच दिसेना. मुलांना सांगितलं, थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. मग दोन डाग उमटले, थंड काचेवर श्वास सोडला की वाफेचा ठसा राहतो ना, तसे. एम८४ आणि एम८६. नळी बोटाने अगदी हळू सरकवली तर आणखी एक, मग शेजारी शेजारी दोन, मग पुन्हा एक. एका मुलीने डोळा न हलवता सात मोजले. प्रत्येक डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका. पलीकडे एम८७ होती. तिच्या पोटातल्या कृष्णविवराचं चित्र २०१९ साली आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

हा कन्येतला दीर्घिकासमूह. अंतर सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षे, दीर्घिका हजाराच्या वर. मुलांना सांगितलं, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड ज्या लाव्हाचा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो थिजून कोटभर वर्षं झाली तेव्हा हा प्रकाश तिकडून निघाला आणि आज तुमच्या डोळ्यात शिरला.

मग त्याच मुलीने विचारलं, "मॅडम, सुरुवातीला सगळं सारखं पसरलेलं होतं असं तुम्हीच शिकवलं. मग हे एका जागी गोळा कसे झाले?" मी म्हटलं, गुरुत्वाकर्षणाने. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण तेवढा वेळ मिळाला का त्याला?"

वीस वर्षांच्या शिकवण्यात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. परतीच्या बसमध्ये मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघींनी दोन हिशेब केले, ते इथे देते.

पहिला. मोठ्या समूहाचा पसारा साधारण १ कोटी प्रकाशवर्षांचा आणि आत दीर्घिका धावतात सेकंदाला सुमारे १००० किलोमीटरने. हा वेग प्रकाशाच्या तीनशेवा भाग. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागली ३०० कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी. म्हणजे अगदी सुरुवातीपासून समूह तयार होता असं धरलं तरी एका दीर्घिकेच्या चार-साडेचार फेऱ्या झाल्या असत्या! आपला सूर्य आकाशगंगेभोवती वीसेक वेळा फिरून आला आहे. त्या मानाने हे समूह नवे आहेत, अजून नीट बसलेलेही नाहीत.

दुसरा. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला तो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. त्यातल्या तापमानाचा चढउतार १९९२ साली कोबे उपग्रहाने दाखवला: एक लाखात एक भाग, साधारण तेवढाच. तापमानातला हा फरक म्हणजे तेव्हाच्या दाटीतल्या फरकाचीच खूण. आता विश्व प्रसरण पावत असताना अशी दाटी किती वेगाने वाढते? साधा नियम असा की विश्व जितक्या पट पसरलं, साधारण तितक्याच पट दाटीतला फरक वाढतो. तेव्हापासून विश्व पसरलंय ११०० पट. एक लाखांशाला ११०० ने गुणा. उत्तर येतं शेकड्याला एक.

शेकड्याला एक जास्त दाटी म्हणजे समूह नव्हे. समूहाच्या आत सरासरीच्या दोनशे पट दाटी असते.

म्हणजे मुलीचा संशय खरा होता. वेळ पुरतच नाही. तरीही ते सात डाग तिथे आहेत. याचं उत्तर मला माहीत आहे, पण आधी तुमच्याकडून ऐकायचं आहे.

---

मृगशीर्ष | १९ एप्रिल, रात्री १०:२५

ताई, फार सुंदर लिहिलंय. चार फेऱ्यांचा हिशेब तर मी आधी कुठेच वाचला नव्हता. एक शंका: धाग्यात 'समूह' लिहिलंय, काही जण 'गुच्छ' म्हणतात. ताऱ्यांचे गुच्छ, कृत्तिकेसारखे, आणि हे एकच का?

---

चांदणवेळ | १९ एप्रिल, रात्री १०:४१

नाही मृगशीर्ष, फार वेगळे. कृत्तिका म्हणजे आपल्याच आकाशगंगेतले हजारेक तारे, ४४० प्रकाशवर्षांवर. हे दीर्घिकांचे समूह. घोळ नको म्हणून मी ताऱ्यांना गुच्छ आणि दीर्घिकांना समूह म्हणते. समूहांचेही समूह असतात, त्यांना महासमूह.

---

काळीमाती | १९ एप्रिल, रात्री ११:०८

ताई, मी उमरेडकडचा. शिक्षण शेतकीचं, तुमच्यावानी गणित नाही येत. पण हे वाचताना एक चित्र डोळ्यापुढं आलं ते सांगतो.

आता एप्रिल सरत आला. आमच्या काळ्या मातीत भेगा पडल्या आहेत. मे लागला की त्यात आख्खा हात जातो कोपरापर्यंत. आज संध्याकाळी बांधावर उभं राहून बघितलं. भेग कधी एकटी नसते. ती दुसऱ्या भेगेला जाऊन मिळते, आणि जिथं तीन भेगा मिळतात तिथं खड्डा सगळ्यात रुंद अन् खोल. मधे मोठी मोठी ढेकळं, त्यात भेगच नाही.

मी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात पोराला घेऊन गेलो होतो, तिथं विश्वाचं जाळं दाखवलं होतं. तंतू, गाठी, अन् मधे रिकामं. हुबेहूब आमचं वावर. म्हंजे तुमचे समूह त्या तीन भेगांच्या मिळणीवर बसतात का?

---

वक्रभिंग | २० एप्रिल, सकाळी ७:१५

काळीमाती भाऊ, हो, बरोब्बर तिथेच बसतात. मी याच विषयात संशोधन करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या तिघांनी, व्हॅलेरी द लापरां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी, आकाशाच्या एका पातळ कापातल्या सुमारे ११०० दीर्घिकांची अंतरं मोजून नकाशा काढला. दीर्घिका विखुरलेल्या दिसतील असं वाटत होतं. निघाले पातळ पडदे, आणि पडद्यांच्या मधे प्रचंड पोकळ्या. नकाशाच्या मधोमध हात पसरलेला माणूस उभा आहे असं वाटतं, आणि त्या माणसाचं धड म्हणजे अरुंधती केश तारकासमूहातला कोमा हा दीर्घिकासमूह. पडदे जिथे भेटतात तिथे तंतू, तंतू जिथे भेटतात तिथे समूह. तुमच्या वावरात जमीन सपाट म्हणून पडदा दिसत नाही, पण भेग खाली खोल जाते तो पडदाच धरा.

पोकळ्या किती मोठ्या? उन्हाळ्यात स्वाती डोक्यावर येते. तिच्याच तारकासमूहात, पण फार फार दूर, १९८१ मध्ये सापडलेली पोकळी सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षे रुंद आहे.

एका ठिकाणी मात्र वावर आणि विश्व उलटे चालतात. तुमचं ढेकूळ सुकून आक्रसतं म्हणून भेग रुंदावते. विश्वात पोकळी स्वतः फुगते. आत माल कमी, म्हणून तिथे प्रसरणाला लगाम घालणारं गुरुत्वाकर्षणही कमी. ती आजूबाजूपेक्षा जास्त वेगाने पसरते आणि असलेला माल कडेला लोटते. शेजारची पोकळीही तेच करते. दोघींच्या मधे जो माल दाबला जातो तो पडदा.

आता ताईंचा मुख्य प्रश्न. हिशेब चुकलेला नाही. तो फक्त साध्या पदार्थाचा आहे, ज्याचे आपण, तारे आणि वायू बनलो आहोत. साध्या पदार्थाला ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत गोळा होताच येत नव्हतं. प्रकाश त्याला धरून होता. कुठे जरा दाटी झाली की प्रकाशाचा दाब तिला परत उधळायचा. डार्क मॅटरचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणाने ओढणाऱ्या कृष्णद्रव्याचा, प्रकाशाशी काही संबंध नाही. त्याला कुणी अडवलं नाही. ते साधारण ५० हजार वर्षांपासूनच जोमाने गोळा व्हायला लागलं. साधा पदार्थ सुटला तेव्हा खड्डे आधीच खणून तयार होते. तो त्यात घरंगळत गेला.

---

जुना_बॉयलर | २० एप्रिल, दुपारी १२:३०

मी वीज केंद्रात ३४ वर्षं बॉयलर सांभाळला, आता निवृत्त आहे. दाबाची गोष्ट निघाली म्हणून लिहितो.

वक्रभिंग यांनी लिहिलं की प्रकाशाने पदार्थाला धरून ठेवलं होतं. वाफ भांड्याची जाड पोलादी भिंत ताणते हे मी रोज पाहिलंय, तेव्हा दाब म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण प्रकाशाचा दाब इतका? माझ्या टॉर्चच्या प्रकाशाने कापसाचा धागाही हलत नाही.

दुसरं. न दिसणारं, न सापडणारं द्रव्य मानलं की हिशेब जुळतो, हे मला पटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रकाशाला माध्यम हवं म्हणून ईथर मानला होता. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी मनापासून विचारतोय, समजून घ्यायचं आहे.

---

वक्रभिंग | २० एप्रिल, दुपारी २:०५

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर संख्येत आहे. विश्वात प्रत्येक प्रोटॉनमागे प्रकाशाचे दीड-दोन अब्ज कण आहेत. आज ते थंड आहेत, विरळ आहेत. तेव्हा सगळं विश्व हजार पटींहून लहान होतं, कण दाट होते, तापमान ३००० अंशांच्या वर, आणि इलेक्ट्रॉन सुटे असल्याने प्रकाश त्यांना अडकत अडकत चालायचा. त्या मिश्रणात ध्वनीचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त होता. तुमच्या बॉयलरमधल्या वाफेत तो सेकंदाला अर्धा-पाऊण किलोमीटर असेल. यावरून त्या दाबाचा अंदाज घ्या.

हा दाब होता याचा पुरावाही शिल्लक आहे. दाटीतून निघालेल्या त्या ध्वनिलहरी प्रकाश सुटला त्या क्षणी जिथल्या तिथे थिजल्या. त्यांची खूण म्हणून आज दीर्घिकांच्या जोड्या सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर किंचित जास्त सापडतात. २००५ साली दोन वेगवेगळ्या सर्वेक्षणांत ती खूण सापडली.

ईथरबद्दल ताईच लिहितील, त्यांनी तयारी केलेली दिसते.

---

चांदणवेळ | २० एप्रिल, रात्री ८:५०

जुना_बॉयलर काका, तुमचा प्रश्न वर्गातही दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. मी दोन्ही बाजूंची उदाहरणं देते. युरेनसच्या चालीत गडबड दिसली, न दिसणारा ग्रह मानला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या चालीत गडबड दिसली, व्हल्कन नावाचा ग्रह मानला, तो कधीच सापडला नाही. तिथे १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागला. म्हणजे दोन्ही घडू शकतं. मग ठरवायचं कसं? एकच वस्तू, एकमेकांशी संबंध नसलेल्या तराजूंवर तोलून. आणि त्यासाठी दीर्घिकासमूहाइतकी चांगली वस्तू दुसरी नाही.

पहिला तराजू वेगाचा. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीने कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. इतक्या वेगाने धावणाऱ्या दीर्घिका एकत्र राहायच्या तर दिसतं त्याच्या ४०० पट वस्तुमान हवं, असा त्याचा आकडा होता. हा आकडा आज कुणी मानत नाही, कारण तेव्हा हबलचा स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, जवळपास आठ पट मोठा धरला जात होता. पण तो दुरुस्त केल्यावरही तफावत उरतेच.

दुसरा तराजू उष्णतेचा, तुमच्या ओळखीचा. १९७० मध्ये उहुरू हा क्ष-किरण उपग्रह सुटला आणि दिसलं की समूहातली 'रिकामी' जागा रिकामी नाहीच. तिथे १ कोटी ते १० कोटी अंश तापलेला विरळ वायू आहे. सगळ्या दीर्घिकांतल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा या वायूचं वस्तुमान कित्येक पट जास्त. म्हणजे झ्विकीला न दिसलेल्यातला एक हिस्सा खरोखरच साधा पदार्थ होता, फक्त साध्या दुर्बिणीला न दिसणारा! पण इतका तापलेला वायू उडून का जात नाही? त्याला धरून ठेवायला भांडं लागतं. भांड्याची भिंत इथे गुरुत्वाकर्षण. तापमान आणि घनता कळली की भिंत किती जाड हवी ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं काढाल. उत्तर पुन्हा तेच: वायू आणि तारे मिळून सहाव्या-सातव्या हिश्शाइतके, बाकी सगळं न दिसणारं.

तिसरा तराजू भिंगाचा. याला समूहात काय धावतंय, काय तापलंय याच्याशी देणंघेणं नाही. मागच्या दीर्घिकेचा प्रकाश समूहाजवळून जाताना वाकतो आणि तिची प्रतिमा ताणून कमानीसारखी होते. जुलै २०२२ मध्ये वेब दुर्बिणीचं पहिलं रंगीत चित्र आलं, त्यातल्या लालसर कमानी आठवतात? ते भिंग म्हणजे समोरचा दीर्घिकासमूहच. कमान किती वाकली यावरून वस्तुमान निघतं. तेही तेवढंच.

काका, ईथरची पाळी आली तेव्हा वेगवेगळे प्रयोग त्याच्याविरुद्ध गेले. इथे वेगवेगळे तराजू एका आकड्यावर येतात.

---

जुना_बॉयलर | २१ एप्रिल, सकाळी ६:४०

भांड्याच्या भिंतीचं उदाहरण चपखल बसलं. वायू १० कोटी अंशांचा आहे आणि पसरून गेलेला नाही, तर त्याला धरणारं काहीतरी आहेच. हे मान्य.

पण समजा गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असेल तर? तिन्ही तराजू गुरुत्वाकर्षणावरच चालतात ना. तिन्ही एकत्र चुकतील.

---

वक्रभिंग | २१ एप्रिल, सकाळी ९:२०

काका, इथेच खरी अडचण आहे, आणि ती गांभीर्याने घेणारे शास्त्रज्ञ आहेत. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये न्यूटनचा नियम अगदी मंद त्वरणाला बदलतो असं सुचवलं. एकट्या दीर्घिकांच्या बाबतीत ते फार छान जुळतं. समूहांपाशी येऊन ते अडतं. नियम बदलूनही समूहात साधारण तेवढंच आणखी वस्तुमान मानावं लागतं.

आणि बुलेट समूह बघा. दोन समूह एकमेकांतून आरपार गेले. वायू वायूला धडकून मधे रेंगाळला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. साध्या पदार्थाचा मोठा भाग वायूत, म्हणजे मधे. नियम कसाही बदला, भिंगाचा परिणाम वायूजवळ जास्त दिसायला हवा. २००६ च्या मोजणीत तो दिसला पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी, दोन बाजूंना दोन. वस्तुमान वायूबरोबर थांबलं नाही. जे एकमेकांना न धडकता आरपार जातं असं काहीतरी तिथे आहे. ते कोणत्या कणाचं बनलंय ते अजून कुणालाही सापडलेलं नाही आणि या बाबतीत तुमची हुरहूर माझीही आहे.

---

काळीमाती | २१ एप्रिल, रात्री ९:३०

समजलं बुवा. आमच्याकडं भेग आधी पडते अन् पहिला पाऊस आला की पाणी तिच्यातच शिरतं, ढेकळावर थांबत नाही. तसं कृष्णद्रव्यानं भेगा पाडून ठेवल्या अन् साधा पदार्थ पाण्यावानी मागून शिरला.

एक विचारतो. आधी मोठी भेग पडते अन् मग तिला बारक्या फुटतात, का बारक्या मिळून मोठी होते? आमच्या वावरात आधी मोठी पडते.

---

वक्रभिंग | २१ एप्रिल, रात्री १०:१५

भाऊ, या एका प्रश्नावर १९७०-८० च्या दशकांत दोन तट होते. मॉस्कोत याकोव झेल्डोविच यांचा गट म्हणायचा, आधी मोठे सपाट थर होतात आणि मग ते फुटून दीर्घिका होतात. कृष्णद्रव्य न्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणांसारखं वेगवान असेल तर तसंच होईल, कारण वेगवान कण बारीक गोळ्यात टिकतच नाहीत, निसटून जातात. दुसरा तट म्हणायचा कृष्णद्रव्य मंद आहे, 'थंड' आहे, आधी लहान गोळे होतात आणि एकमेकांत मिसळत मोठे होतात.

निकाल आकाशाने दिला. दीर्घिका फार जुन्या निघाल्या. वेब दुर्बिणीने महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिकाही पाहिल्या आहेत. भरलेले, तापलेले समूह मात्र त्यानंतर कित्येक अब्ज वर्षांनी दिसू लागतात. म्हणजे लहान आधी, मोठं मागून. तुमच्या वावराच्या उलट. पडदे आणि तंतू होतात हे मात्र झेल्डोविच यांच्या गणितातूनच आधी निघालं होतं, ते आजही खरं आहे.

---

संत्रानगरी | २२ एप्रिल, दुपारी ४:१०

इतका वेळ नुसती वाचत होते. एक आपल्या मातीतली गोष्ट जोडते. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी, जयदीप बागची, शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मीन राशीच्या दिशेने एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला 'सरस्वती' नाव दिलं. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे, लांबी ६० कोटी प्रकाशवर्षे, आणि त्यात किमान ४३ दीर्घिकासमूह. डॉ. नारळीकरांनी उभी केलेली आयुका, आणि तिथून नकाशात सरस्वतीचं नाव लागलं, हे वाचलं तेव्हा मी शाळेत होते आणि वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवलं होतं.

माझा प्रश्न लहान भावाचा आहे. तो विचारतो, आपण कन्येतल्या समूहात पडणार का?

---

चांदणवेळ | २२ एप्रिल, रात्री ९:००

संत्रानगरी, भावाला सांग, पडणार नाही. कन्येचा समूह आपल्याला ओढतो आहे, ती ओढ मोजलेलीही आहे. पण प्रसरण जास्त जोरात आहे. ओढीमुळे आपलं दूर जाणं थोडं मंदावतं, थांबत नाही. देवयानी दीर्घिका मात्र २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने आपल्याकडे येते आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जिंकलेलं आहे.

सरस्वतीसारख्या महासमूहांचंही बहुधा तेच होईल. आतले दाट भाग आपापले घट्ट होतील आणि एकमेकांपासून दुरावतील. कारण साधारण ५०० कोटी वर्षांपूर्वीपासून प्रसरणावर कृष्ण ऊर्जेची, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेची, पकड आहे, आणि त्यानंतर नव्या गठ्ठ्यांची वाढ मंदावत चालली आहे.

समूह मोजण्याचं महत्त्व इथेच येतं. विश्वात माल भरपूर असता तर गठ्ठ्यांची वाढ आजही जोरात चालू असती, म्हणजे ७०० कोटी वर्षांपूर्वी वजनदार समूह जवळपास नसायलाच हवे होते. पण ते सापडले. 'एल गोर्डो' नावाचा एक समूह तेवढ्या काळापूर्वीचा आहे आणि त्याचं वस्तुमान सूर्याच्या दोन हजार लाख कोटी पट. नेटा बाहकॉल आणि इतरांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा मांडला: इतके जुने वजनदार समूह आहेत, म्हणजे वाढ लवकर होऊन मग मंदावली, म्हणजे विश्वात पदार्थ कमी आहे, गुरुत्वाकर्षणाने प्रसरण थोपवायला जेवढा लागतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आज वेगवेगळ्या मोजण्यांतून येणारं उत्तरही ३० टक्क्यांच्या जवळ आहे. नुसती शिरगणती करून विश्वाचं वजन काढलं! मला यातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. आता तर २०१९ मध्ये सुटलेल्या इरोसिटा दुर्बिणीच्या पहिल्या यादीत १२ हजारांवर समूह आहेत.

---

मृगशीर्ष | २२ एप्रिल, रात्री ९:४५

ताई, मग त्या मुलीला काय उत्तर दिलं शेवटी? वेळ मिळाला की नाही?

---

चांदणवेळ | २३ एप्रिल, रात्री ८:२०

आज वर्गात फळ्यावर काढलं. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर दाटीतला फरक. साध्या पदार्थाची रेघ ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत खालीच लपापत राहते, वर-खाली, वर-खाली. कृष्णद्रव्याची रेघ शांतपणे चढत असते. मग प्रकाश सुटतो आणि साध्या पदार्थाची रेघ झपकन उठून वरच्या रेघेला जाऊन मिळते. त्या मुलीनेच खडू घेऊन दोन रेघांच्या मधली जागा तिरप्या रेघोट्यांनी भरली आणि म्हणाली, "एकट्याला वेळ पुरला नसता."

मग लगेच पुढचं: "आणि ते पहिले एक लाखांशाचे खड्डे? ते कुणी पाडले?"

मी सांगितलं, विश्व अणूहूनही लहान होतं तेव्हाचे पुंजयामिकीचे (क्वांटम) सूक्ष्म चढउतार, त्यांना अतिवेगवान प्रसरणाने ताणून मोठं केलं, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिने ते वहीत लिहिलं, पण समोर कंसात प्रश्नचिन्ह काढलं. मी ते खोडायला सांगितलं नाही.

---

जुना_बॉयलर | २३ एप्रिल, रात्री ९:१०

त्या दोन रेघांचा फोटो टाकता येईल का? मला ती खालची लपापणारी रेघ बघायची आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्याआधी दाबाचा काटा असाच लपापतो.

आणि पुढच्या अमावास्येला जाणार असाल तर मला यायचं आहे. माझ्याकडे गाडी आहे, चार जण बसतील.

---

काळीमाती | २३ एप्रिल, रात्री ९:३२

मी पण येतो. उमरेडहून नागपूरला येतो, तिथून काकांच्या गाडीत.

---

चांदणवेळ | २३ एप्रिल, रात्री १०:०५

फोटो उद्या टाकते. काका, भाऊ, नक्की या. मे महिन्यातली अमावास्या धरली आहे, गरमी असली तरी रात्री तिथे बरं असतं. या वेळी कोमा बघायचा आहे. ३२ कोटी प्रकाशवर्षे, कन्येच्या सहा पट दूर. आठ इंचीत मधल्या दोन मोठ्या दीर्घिका तेवढ्या दिसतील, त्याही डोळा अर्धा तास अंधाराला सरावल्यावर. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून आणा आणि मोबाइल गाडीतच ठेवा. अरुंधती केश अंधार पडल्यावर डोक्यावरच असेल, पण रात्र चढेल तशी पश्चिमेकडे कलते. साडेआठच्या आत दुर्बीण लावून झालेली हवी.